घोट्याचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात, पाऊस नुकताच थांबलेला. कर्वे रस्त्यावरच्या एका सिग्नलला मी आणि माझ्यासारखे अजून शे-दोनशे जीव हापिसातून घरी निघालो होतो. वेग असेल ताशी दहा-पंधरा. पुढची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला, चाकाखाली चिखल होता की सांडलेलं ऑइल ते देव जाणे, पण गाडी अगदी सावकाश, सभ्यपणे डावीकडे कलली. इतकी सावकाश की "अरेच्चा, आपण पडतोय वाटतं" असा पूर्ण व्याकरणशुद्ध विचार मनात येऊन गेला. आणि मग जवळजवळ दीडशे किलोची मोटरसायकल माझ्या डाव्या घोट्यावर आडवी झाली.

हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही. घोट्याचं बाहेरचं हाड मात्र मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला आणि विचारलं, "पायात काय होतं?" म्हटलं, "कॅनव्हासचे बूट." ते म्हणाले, "म्हणजे काहीच नव्हतं."

नशीब, ऑपरेशन टळलं. सहा आठवडे प्लास्टर. पाय समोरच्या खुर्चीवर, लॅपटॉप मांडीवर. आणि रोज संध्याकाळी बाबांचं एकच पालुपद: "अरे, आम्ही तीस वर्षं कोल्हापुरी चपलेवर चेतक चालवली. नखाला काही झालं नाही!"

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. काही बिघडलं की दुरुस्त करायच्या आधी तो विचारतो, हे पूर्वी चालत होतं ना? मग मधे काय बदललं? बाबांचं वाक्य मला टोमणा न वाटता बग रिपोर्ट वाटायला लागलं. तीस वर्षं चपलेवर चालत होतं आणि आता चालत नाही. का? सहा आठवडे रिकामाच होतो. शोधत बसलो.

*

सुरुवात डोक्यापासून करू, कारण जगानेही तिथूनच केली. १३ मे १९३५ ला इंग्लंडात डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स (तोच, लॉरेन्स ऑफ अरेबिया) आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा एक तरुण मेंदूशल्यविशारद होता. ते मरण त्याच्या मनात घर करून राहिलं. पुढे महायुद्धात निरोप पोचवणारे सैनिक, म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटरसायकलवरून पडून पटापट मरायला लागले, तेव्हा केर्न्सने त्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४१ साली त्याचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांना ते सक्तीचं व्हायला मात्र १९७३ साल उजाडलं. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहे. पुणेकरांचा त्याच्याशी असलेला प्रेमळ संबंध सर्वश्रुत आहे, त्यावर मी अधिक काय बोलणार!

मुद्दा असा की डोक्यामागे एक केर्न्स उभा राहिला, पायामागे तसं कुणी उभं राहिलं नाही. आणि ते स्वाभाविकच आहे. घोटा मोडला तर माणूस मरत नाही, फक्त लंगडतो. लंगडणाऱ्याची बातमी होत नाही आणि कायदाही होत नाही.

*

आता बाबांची चेतक.

चेतकचं मूळ इटलीत. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला, आणि एन्रिको पियाजिओने कोराडिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याला लोकांना परवडेल अशी दुचाकी करायला सांगितलं. मौज अशी की दास्कानिओला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. बसायला अवघड, हात-कपडे काळे करणारी, पंक्चर काढताना जीव काढणारी. त्यामुळे त्याने तिच्यातलं जे जे त्याला खटकत होतं ते ते काढून टाकलं. इंजिन पत्र्याच्या आत झाकलं. चेन काढली. पुढे पायांसमोर ढाल उभी केली. पाय ठेवायला सपाट जमीन दिली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिअर पायातून काढून डाव्या हाताच्या मुठीत दिला. एप्रिल १९४६ मध्ये पेटंट दाखल झालं, आणि व्हेस्पा जन्मली.

म्हणजे बघा, व्हेस्पा हे वाहन मुळात "नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या पादत्राणांत चालवता यावं" याच अटीवर बांधलेलं होतं. बुटाचं काम गाडीच्या पत्र्याने अंगावर घेतलं होतं.

बजाजने १९४८ पासून व्हेस्पा आयात केल्या, १९५९ मध्ये त्या इथे बनवण्याचा परवाना मिळवला. १९७१ साली पियाजिओबरोबरचा करार संपला आणि १९७२ मध्ये त्याच घडणीची चेतक आली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी मिळवायला लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. आमच्या घरी चेतक आली त्या दिवशी पेढे वाटले होते, आणि माझ्या मुंजीपेक्षा त्याचे फोटो जास्त आहेत.

तर बाबा तीस वर्षं चपलेवर गाडी चालवू शकले ते दास्कानिओच्या पुण्याईने. गिअर हातात. पायाला काम एकच, उजव्या पायाने ब्रेक दाबायचा. पाय ढालीच्या मागे, इंजिन मागच्या चाकाशी पत्र्याच्या पोटात. गाडी पडलीच तर बरेचदा आधी बाजूचा फुगीर पत्रा टेकायचा आणि पाय सुटायला जरा जागा मिळायची. चेतकने पायाशी वैर धरलंच तर ते किक मारताना. सकाळी गाडी उजवीकडे-डावीकडे तिरकी करून, दोन शिव्या घालून मारलेली ती सोळावी किक उलटी आली की कोल्हापुरीतला पाय बरोबर कळवळायचा. पण ते घराच्या फाटकात. रस्त्यावर नाही.

थोडक्यात, बाबांचा अनुभव खोटा नव्हता. तो दुसऱ्याच हार्डवेअरवरचा होता.

*

मग मधे काय बदललं? ऐंशीचं दशक.

१९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ ला कावासाकी बजाज. दोन-तीन वर्षांत चार जपानी कंपन्या चार भारतीय कंपन्यांचा हात धरून आल्या. शंभर सीसीच्या हलक्या, पेट्रोल बेताने पिणाऱ्या मोटरसायकली. नव्वदचं दशक संपता संपता मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. २००१ मध्ये पल्सर आली आणि आमच्या पिढीचं तर ठरूनच गेलं. बजाजने २००९ साली आपण स्कूटर बनवणं सोडणार असं जाहीर केलं. (चेतक हे नाव २०२० मध्ये परत आलं, पण विजेवर. ती पेढे वाटायची चेतक नव्हे.)

या सगळ्या बदलात मायलेजवर बोललं गेलं, पिकअपवर बोललं गेलं. पायाचं काय झालं ते कुणी बोललं नाही. ढाल गेली, सपाट जमीन गेली. पाय उघड्यावर, गरम इंजिनच्या शेजारी, एका लोखंडी दांडीवर आला. आणि गिअर पुन्हा पायात आला.

पायातला गिअर ही तशी जुनी गोष्ट. सुरुवातीच्या मोटरसायकलींना गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीजवळ, हाताने टाकायचा असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेलोसेट या इंग्लिश कंपनीत हॅरल्ड विलिसने पायाने एकेक गिअर नेमका पडेल अशी यंत्रणा बसवली, आणि शर्यतींमधून ती सगळीकडे पसरली. तेव्हापासून मोटरसायकलवाल्याच्या बुटाच्या नाकावर तो ठराविक झिजलेला डाग पडायला लागला. इंग्लिश गाड्यांचा गिअर उजव्या पायात असे, म्हणून जुन्या बुलेटवाल्याचा उजवा बूट झिजलेला असायचा आणि आमचा डावा. मंदिराबाहेर चपला-बुटांच्या ढिगात पाहून कोण कुठली गाडी चालवतो ते ओळखता यावं!

आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या गाड्यांना मात्र पुढे-मागे दोन्हीकडे पाय ठेवायची सोय असलेला गिअर येतो. पुढे चवड्याने दाबा, मागे टाचेने दाबा. नाकाने वर उचलायची गरजच नाही. म्हणजे बुटाचं नाक झिजत नाही आणि चपलेवरही गिअर पडतो. सोय उत्तम. फक्त तिने आम्हाला तोच जुना समज पुढे चालवायला मदत केली की पायात काहीही चालतं. गाडी बदलली, सवय स्कूटरचीच राहिली. माझा घोटा या दोहोंच्या मधे सापडला.

कायद्याने पायाचा विचार अगदीच केला नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मोठा गोड आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला दांडी हवी, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं काहीतरी हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. हेच ते आपलं साडी गार्ड. म्हणजे साडीची काळजी घेतली, साडीखालच्या घोट्याची राहून गेली. २०१९ मध्ये नवे दंड आले तेव्हा "चपलेवर गाडी चालवली तर दंड" अशी हूल उठली होती. नितीन गडकरींच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला होता की असं काही नाही. माझ्या मते दंड नाही हे बरोबरच आहे. पण "दंड नाही" आणि "धोका नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपण पहिलं ऐकून दुसरं समजतो.

*

जगात बाकीच्यांनी पायाचं काय केलं? तर बहुतेकांनी दुसऱ्या कुणाचे तरी बूट उसने घेतले.

अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या शेवटी चिपेवा, वेस्को वगैरे कंपन्यांनी एक उंच, जाड कातड्याचा, बिननाडीचा बूट काढला. घोट्याशी एक बक्कल, वर एक बक्कल. कामगारांसाठी. त्याचं नाव काय, तर इंजिनियर बूट! (आमच्या कॉलेजात चार वर्षांत हे कुणी सांगितलं नाही.) युद्धानंतर तो मोटरसायकलवाल्यांनी उचलला, आणि तेही डोकं लढवून: नाडीच नाही, त्यामुळे ती कशात अडकायचा प्रश्नच नाही. पुढे १९५३ च्या 'द वाइल्ड वन' सिनेमाने मोटरसायकल, कातडी जाकीट आणि जाड बूट ही जोडी जगभर नेली. सुरक्षेची वस्तू फॅशनची झाली ती अशी.

जर्मनीत १९४५ साली क्लाउस मार्टेन्स हा लष्करी डॉक्टर स्कीइंग करताना पडला आणि घोटा दुखावून बसला. (वाचताना प्लास्टरमधूनच मी त्याला नमस्कार केला.) लष्करी बूट पायाला सोसेनात, म्हणून त्याने मऊ कातड्याचा आणि हवेची उशी असलेल्या तळाचा बूट स्वतःसाठी केला. पुढे इंग्लंडच्या ग्रिग्ज कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १ एप्रिल १९६० ला आठ भोकांचा बूट बाजारात आणला. तारखेवरून नाव ठेवलं १४६०. आमच्यात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांना अशीच नावं देतात, त्यामुळे आपुलकी वाटली. तो पोस्टमन आणि कारखान्यातल्या कामगारांचा बूट, मोटरसायकलसाठी केलेला नव्हे. पण शहरात गाडी चालवणारे अनेक जण आजही तो घालतात.

खास मोटरसायकलचे बूट मात्र इटलीतल्या एका चिमुकल्या भागातून आले. व्हेनिसच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, माँतेबेलूना आणि आसोलोच्या आसपास गिर्यारोहणाचे बूट शिवणाऱ्यांची वस्ती. तिथे १९६० साली सिन्योरी दिनोने सिदी सुरू केली (नाव आपलंच, आडनाव-नाव क्रमाने), १९६२ मध्ये गायेर्ने, १९६३ मध्ये सान्ते माझारोलोने आल्पाइनस्टार्स. हे नाव म्हणजे डोंगरावरच्या एडेलवाइस फुलाच्या इटालियन नावाचं इंग्रजी भाषांतर. डोंगरातला घोटा आणि मातीच्या शर्यतीतला घोटा, दुखणं एकच. त्यामुळे कारागिरांना फार शिकावं लागलं नाही. कोल्हापूरला जशी चपलेची पिढीजात जाण, तशी इथे बुटाची.

पण हे बूट शर्यतीचे. ते घालून मीटिंगला गेलो तर लोक हेल्मेटही शोधतील. साध्या बुटासारखे दिसणारे आणि आतून घोटा सांभाळणारे बूट यायला बराच काळ गेला, आणि त्याला युरोपातल्या कायद्याने हात दिला. मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ नावाचं मानक आहे. २०१८ पासून युरोपात नवा नियम लागू झाला, आणि "हे संरक्षण देतं" असं म्हणून बूट विकायचा तर तपासणी करून घेणं भाग पडलं. नुसतं जाड कातडं दाखवून भागेना.

*

प्लास्टर निघालं आणि मी दुकानं पालथी घातली. इतक्या इतिहासानंतर काय बघायचं ते पक्कं झालं होतं.

पहिलं, घोट्याची दोन्ही हाडं झाकली पाहिजेत. स्नीकर कितीही महाग असला तरी तो घोट्याखाली संपत असेल तर माझ्या कामाचा नाही. आतल्या आणि बाहेरच्या हाडावर टणक किंवा दाट फोमची चकती बोटांना जाणवली पाहिजे.

दुसरं, पिळून बघायचं. बूट दोन्ही हातांत धरून टॉवेलसारखा पिळला आणि तो सहज पिळला गेला, तर परत ठेवायचा. मग तळाच्या दोन्ही कडा, चवड्याच्या जागी, एकमेकींकडे दाबायच्या. गाडी पायावर पडते तेव्हा हेच होतं. माझे कॅनव्हासचे बूट पुरणपोळीसारखे दुमडत होते.

तिसरं, आतलं लेबल. मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि त्याखाली चार आकडे: उंची, घासण्याला विरोध, कापण्याला विरोध, आणि आडव्या दाबाला विरोध. प्रत्येक आकडा १ किंवा २. घोट्याच्या माऱ्याची वेगळी चाचणी झाली असेल तर आयपीए ही अक्षरं असतात. चित्र नसेल तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी तो साधा बूट समजायचा.

चौथं, नाडी. ती झाकणारी पट्टी हवी किंवा बाजूला चेन हवी. सिग्नलला पाय टेकताना नाडी गिअरच्या दांडीत अडकली तर इंजिनियर बूटवाले वरून हसतील.

पाचवं, पाऊस. पुण्यात चार महिने ओल्या रस्त्यावर, ऑइलवर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर पाय टेकायचा असतो. तळ खाचांचा हवा. वॉटरप्रूफ अस्तर पावसाळ्यात छान, पण मे महिन्यात पायाचं उकडीचे मोदक करतं. मी बिनअस्तराचे घेतले आणि पावसाळ्यासाठी वरून घालायचं रबरी आवरण.

सहावं, संध्याकाळी जाऊन घ्यायचे, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. नेहमीचेच मोजे घालून. आणि शक्य असेल तर गाडीवर बसून बघायचं, बुटाचं नाक गिअरच्या दांडीखाली जातंय ना. कारखान्यातले लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज स्वस्त पडतात म्हणून मी आधी तेच बघितले होते. बोटांना उत्तम, पण नाक जाड आणि घोट्याला चकती नाही. ते वरून पडणाऱ्या वजनासाठी केलेले असतात. माझी गाडी बाजूने पडली होती.

शेवटी काळे, घोट्याच्या वर चार बोटं येणारे, दुरून साध्या बुटासारखे दिसणारे मिळाले. हेल्मेटपेक्षा महाग पडले. हापिसात पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. तीच त्यांची खरी पावती.

*

इथे लेख संपायला हवा होता. पण त्या शनिवारी नवे बूट घालून मी मोठ्या ऐटीत गाडी काढली, बायको मागे बसली, आणि निघायच्या आधी मी सहज खाली पाहिलं. माझे दोन्ही घोटे कातड्यात, चकत्यांत, मानकांत व्यवस्थित बंद. आणि मागच्या दांडीवर, सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर, तिचे पाय. पायात दोन पट्ट्यांची सॅन्डल.

तिनेही माझी नजर पाहिली. म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. सहा आठवडे इतिहास वाचला, लॉरेन्सपासून इटलीपर्यंत गेलो, १२३ व्या नियमाला साडी दिसते आणि घोटा दिसत नाही म्हणून हसलो. आणि माझ्याच गाडीवर तेच चालू होतं.

तिच्या मापाचे बूट मिळायला महिना लागला. बायकांसाठी असे बूट ठेवणारी दुकानं मला जेमतेम सापडली. शेवटी एका दुकानदाराने पुरुषांचा सगळ्यात लहान नंबर काढून दिला, त्यात एक जादा तळवा टाकला, आणि तो बसला. ती म्हणते, लग्नाला जाताना हे घालणार नाही. ठीक आहे, लग्नाला रिक्षाने जाऊ.

बाबांना सगळी कथा सांगितली. दास्कानिओ, ढाल, मुठीतला गिअर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आमची चेतकच चांगली होती."

आता यावर काय बोलणार? होतीच, बाबा. पायाच्या बाबतीत तरी होतीच.

असो. लेख लांबला. परवा सोमवार आहे, पाऊसही आहे. पायात काय आहे तेवढं एकदा बघून निघा.